वीस बोल्टांचा हिशेब

चौथ्या फेरीत स्टिअरिंगमध्ये बारीक थरथर जाणवली. टायरला रबराचे गोळे चिकटले असतील, पुढच्या वळणावर निघून जातील, असं समजून मी गाडी दामटत राहिलो. पाचव्या फेरीत लांब सरळ रस्ता संपून ब्रेकवर पाय पडला, तेव्हा पुढच्या डाव्या बाजूनं टक्-टक् असा आवाज आला आणि पोटात गोळा आला. हात खिडकीबाहेर काढून इशारा दिला, गाडी कडेकडेनं हळू चालवत पिटमध्ये आणली.

ही गोष्ट कोइंबतूरजवळच्या करी मोटर स्पीडवेवरची, 2023 सालच्या दिवाळीनंतरची. फॉर्म्युला मारुती ही रेसगाडी तयार करणाऱ्या एस. करिवर्धन यांच्या नावाचा हा ट्रॅक एका फेरीला साधारण 2.1 किलोमीटरचा आहे. नगरहून करमाळा, टेंभुर्णी, सोलापूर, विजयपूर, चित्रदुर्ग, बेंगळुरू, सेलम असा दोन दिवसांचा रस्ता कापून मी माझी पोलो तिथं नेली होती. शेजारच्या पिटमध्ये एक वयस्कर मेकॅनिक होते, सगळे त्यांना अण्णा म्हणत. मी काही सांगायच्या आतच त्यांनी जाड हातमोजा घातला, गाडी जॅकवर घेतली, चाक वरून आणि खालून धरलं आणि आपल्याकडे ओढलं. चाक हललं. पाच बोल्टांपैकी दोन बोटांनी फिरत होते. तिसरा पान्याच्या नुसत्या स्पर्शानं सुटला. चौथा जागेवर होता. पाचवा मात्र ना घट्ट होत होता, ना सैल.

ते पाचही बोल्ट टायटॅनियमचे होते. आठवड्यापूर्वीच नवे बसवलेले. चारही चाकांचे मिळून वीस, आणि त्यांच्यासाठी मी छत्तीस हजार रुपये मोजले होते.

मी ते का घेतले

नागापूर एमआयडीसीत माझं छोटं वर्कशॉप आहे. दोन लेथ, एक मिलिंग मशीन, एक जुनं ड्रिल. आटे पाडणं हे माझं रोजचं काम. चाकणच्या कारखान्यात बनलेली पोलो जीटी मी जुनी घेतली आणि वर्षातून एक-दोनदा ट्रॅकवर न्यायला लागलो. ट्रॅकचा नाद लागला की वजनाचा नाद लागतोच. मागचं सीट काढलं, स्टेपनी काढली, डिकीतला गालिचा काढला. मग कुणीतरी सांगितलं की चाकावरचा एक किलो म्हणजे गाडीतले पाच किलो. चाकावरचं वजन सगळ्यात महाग, म्हणून चाकाचे बोल्ट हलके घ्या.

पार्सल उघडलं तेव्हा खरंच हरखलो. निळसर-जांभळी झाक असलेले ते बोल्ट तळहातावर घेतले की रिकामे असल्यासारखे वाटायचे. बसवताना मात्र पुढच्या डाव्या हबमध्ये एक बोल्ट तिसऱ्या-चौथ्या फेऱ्याला करकरला. वाळूचा कण अडकावा तसा. बोल्ट काढून पाहायला हवा होता. मी टॉर्क पाना लावला, 120 न्यूटन-मीटरवर तो टक् करून वाजला, आणि पाना वाजला म्हणजे काम झालं असं मानून पुढच्या बोल्टकडे वळलो.

तो आवाज मी ओळखायला हवा होता. स्टेनलेसचे नट-बोल्ट कोरडे आवळले तर आटे एकमेकांत रुततात, हे मी वीस वर्षं गिऱ्हाइकांना सांगत आलो आहे. टायटॅनियमचा स्वभाव तसाच आहे. त्याच्या अंगावर ऑक्साइडचा पातळ थर असतो. दाबाखाली आटे घासले की तो थर खरवडला जातो, उघडा पडलेला धातू समोरच्या धातूला चिकटतो आणि आटा उपटून घेतो.

पाना खोटं का बोलला

परत आल्यावर वर्कशॉपमध्ये आमच्या शेजारचे काका आले. वाहननगरच्या व्हीआरडीईत, म्हणजे लष्करी वाहनांवर संशोधन आणि चाचण्या करणाऱ्या डीआरडीओच्या प्रयोगशाळेत, त्यांची तीस वर्षं गेली. मी त्यांच्या हातात एक बोल्ट ठेवला. त्यांनी तो चष्म्याजवळ नेऊन फिरवून पाहिला आणि विचारलं,

"अरे, ह्याचं काम काय?"

"चाक बसवणं, काका."

"बसवणं नव्हे, दाबून धरणं. बोल्ट गाडीचा भार उचलत नाही. तो रिम हबवर दाबतो. त्या दाबानं दोन तोंडांमध्ये जी पकड तयार होते, ती चाकाला फिरवते आणि थांबवते. दाब गेला की सगळा मार बोल्टच्या दांड्यावर येतो. मग तो पोलादाचा असो नाहीतर सोन्याचा."

हे वाक्य मी तेव्हापासून वर्कशॉपमध्ये येणाऱ्या प्रत्येक पोराला ऐकवतो. पुढचं सगळं त्याच्यातच आहे.

टॉर्क पाना दाब मोजत नाही. तो फक्त फिरवायला किती जोर लागला ते मोजतो. कोरड्या बोल्टवर शंभर रुपयांचा जोर लावला, तर साधारण पन्नास रुपये डोक्याखालच्या घर्षणात जातात, चाळीस आट्यांच्या घर्षणात, आणि जेमतेम दहा रुपये बोल्ट ताणून दाब तयार करण्यात लागतात. पोलोच्या 14 मिलिमीटरच्या बोल्टला 120 न्यूटन-मीटर दिले की नेहमीच्या हिशेबानं साधारण 43 किलोन्यूटन दाब मिळतो, म्हणजे एका बोल्टला सव्वाचार टनांहून थोडा जास्त. पण आटे चिकटायला लागले की घर्षण आपला वाटा वाढवतं. त्या वाढीतले रुपये दाबाच्याच दहांतून जातात. पाना वेळेवर वाजतो, बोल्ट ताणलेलाच नसतो. माझ्या चिकटलेल्या बोल्टनं आपला दाब दिलाच नाही, रिम त्या बाजूनं नीट बसला नाही, आणि ब्रेकच्या प्रत्येक झटक्याला शेजारचे बोल्ट थोडे थोडे सुटत गेले.

यावर उपाय म्हणून आट्यांना मॉलिब्डेनमची पेस्ट लावतात. टायटॅनियमला ती लावावीच लागते. पण तिथून दुसरी अडचण सुरू होते. घर्षण कमी झालं की त्याच 120 न्यूटन-मीटरला दाब दीडपटीवर जाऊ शकतो. गाडीच्या पुस्तकातला आकडा कोरड्या, पोलादी बोल्टचा आहे. पेस्ट लावलेल्या टायटॅनियमचा आकडा बोल्ट बनवणाऱ्यानं मोजून द्यायला हवा. माझ्या पार्सलमध्ये असा कागद नव्हता, आणि मी तो मागितलाही नाही.

शेवटी चिकटलेला बोल्ट काढताना हबचे आटे त्याच्याबरोबर निघून आले. पोलोत बोल्ट थेट हबमध्ये जातो, त्यामुळं आटे गेले की हब गेला. कोइंबतूरच्या गॅरेजमध्ये हब, बेअरिंग, प्रेसचं काम, दोन दिवसांचा मुक्काम असं सगळं धरून एकोणीस हजार रुपये लागले. त्या चाकाची व्यवस्था अण्णांच्या पेटीतल्या पाच जुन्या पोलादी बोल्टांवर झाली. त्यांनी पैसे घेतले नाहीत.

वजनाचा खरा हिशेब

हा हिशेब मी बोल्ट मागवण्याआधी करायला हवा होता. तुम्ही तरी आधी करा.

माझ्या काट्यावर पोलादी बोल्ट 98 ग्रॅम भरला आणि टायटॅनियमचा 55 ग्रॅम. पोलादाची घनता 7.85 आणि टायटॅनियमच्या नेहमीच्या मिश्रधातूची 4.43, त्यामुळं हे प्रमाण बरोबरच आहे. एका बोल्टला 43 ग्रॅम वाचले, वीस बोल्टांना 860 ग्रॅम. सव्वा लिटर पेट्रोलही याहून थोडं जड भरतं. म्हणजे टाकीत सव्वा लिटर कमी भरून आलो असतो, तर छत्तीस हजारांइतकं वजन फुकट वाचलं असतं. गाडीचं वजन अकराशे किलोच्या आसपास. त्यात 860 ग्रॅम म्हणजे दहा हजारात आठ भाग.

"पण चाकाचं वजन फिरतं ना, त्याचा फायदा जास्त," असं मलाही सांगितलं गेलं होतं. फिरत्या वजनाचा फायदा ते मध्यापासून किती लांब आहे यावर ठरतो, आणि तोही अंतराच्या वर्गावर. पोलोचे बोल्ट 100 मिलिमीटर व्यासाच्या वर्तुळावर असतात, म्हणजे मध्यापासून 50 मिलिमीटरवर. 185/60 आर 15 टायरची बाहेरची कडा मध्यापासून साधारण 301 मिलिमीटरवर. पन्नास भागिले तीनशे म्हणजे सहावा हिस्सा, आणि त्याचा वर्ग छत्तिसावा. 860 ग्रॅमच्या छत्तिसाव्या हिश्श्याला 24 ग्रॅम होतात. फिरण्याचा म्हणून जो जादा फायदा सांगितला जातो, तो चारही चाकांचा मिळून 24 ग्रॅमचा. लहानपणी जत्रेतल्या चक्रीपाळण्यात बसलेल्या कुणालाही हे कळेल. कडेला बसलेला माणूस पाळण्याला जड जातो, खांबाजवळ उभा असलेला जात नाही.

आता तोच हिशेब रिमचा करा. दर चाकाला दीड किलोनं हलका रिम घेतला, तर सरळ सहा किलो वाचतात. रिमचं वजन मध्यापासून लांब पसरलेलं असल्यामुळं फिरण्याचा फायदा धरून ते जवळजवळ आठ किलोंइतकं काम करतं. बोल्टांच्या नऊपट. शिवाय हे वजन स्प्रिंगच्या खालचं आहे, त्यामुळं खड्ड्यावरून किंवा ट्रॅकच्या कडेच्या पट्ट्यांवरून जाताना टायर जमिनीला चिकटून राहतं. टायरच हलकं घेतलं तर फायदा आणखी मोठा, कारण ते सगळ्यात बाहेर आहे.

धातूबद्दल जे विचारायला हवं

बोल्ट उभा कापून भिंगाखाली पाहिला, तेव्हा आणखी एक गोष्ट दिसली. आट्यांच्या तळाशी टूलच्या बारीक रेघा होत्या. म्हणजे आटे लेथवर कापलेले होते, रोल केलेले नव्हते. रोल केलेल्या आट्यात धातूचे तंतू दाबून वळवलेले असतात, तळ गुळगुळीत असतो, आणि वारंवार येणारा ताण तो जास्त सोसतो. कापलेल्या आट्याच्या तळाची प्रत्येक रेघ ही चीर सुरू व्हायची जागा असते. चाकाच्या बोल्टसाठी रोल केलेलाच आटा हवा.

"टायटॅनियम" एवढ्याच शब्दावर जाऊ नका. ग्रेड 5 म्हणून ओळखला जाणारा मिश्रधातू साधारण 830 मेगापास्कलपर्यंत ताण सोसतो. ग्रेड 2 हे शुद्ध टायटॅनियम 275 च्या आसपासच वाकायला लागतं. दोन्ही तितकेच हलके, दोन्हींना तसाच निळा रंग येतो. तुमच्या गाडीसोबत आलेल्या, डोक्यावर 10.9 असा शिक्का असलेल्या पोलादी बोल्टची तुटायची मर्यादा एक हजार मेगापास्कलच्या वर असते. म्हणजे चांगलं टायटॅनियमसुद्धा त्या साध्या बोल्टपेक्षा मजबूत नाही, फक्त हलकं आहे. शिवाय ते पोलादापेक्षा जवळजवळ दुप्पट ताणलं जातं, हेही लक्षात ठेवा.

अॅल्युमिनियमच्या रंगीत नटांबद्दल तर अधिक स्पष्ट सांगतो. सावेडीपासून भिंगारपर्यंत पोरं साध्या रस्त्याच्या गाड्यांना ते लावतात. अॅल्युमिनियमची ताकद उष्णतेनं कमी होते, आणि नट बसतो तो तापलेल्या ब्रेक डिस्कच्या शेजारी. पंक्चरवाल्यानं एअर गन लावली की त्याचे कोपरे आणि आटे दोन्ही जातात. मग नगर-मनमाड रस्त्यावरच्या खड्ड्यांत रात्री स्टेपनी बदलायची वेळ आली, तर नट निघत नाही. घरच्या माणसांना घेऊन शिर्डीला जाणाऱ्या गाडीवर हे नट असू नयेत.

मोठ्या लोकांनाही हे चुकलेलं नाही. 23 मे 2021 रोजी मोनॅकोच्या फॉर्म्युला वन शर्यतीत व्हाल्टेरी बोटास दुसऱ्या स्थानावर असताना पिटमध्ये आले. पुढच्या उजव्या चाकाचा नट गनखाली घासून गेला आणि चाक निघेचना. त्यांची शर्यत तिथंच संपली, आणि ते चाक पुढं मर्सिडीजच्या कारखान्यात नेऊनच काढावं लागलं. त्यांच्याकडे जगातली उत्तम माणसं आणि अवजारं होती. आपल्याकडे एक जॅक आणि एक पाना असतो.

हलके बोल्ट कधीच घेऊ नयेत असं मी म्हणत नाही. जिथं एका फेरीतल्या सेकंदाच्या दहाव्या हिश्श्यावर पगार अवलंबून असतात, प्रत्येक शर्यतीनंतर बोल्ट बदलले जातात, आणि बनवणाऱ्याकडून ग्रेड, आट्याचा प्रकार आणि टॉर्कचा आकडा लेखी मिळतो, तिथं त्यांना जागा आहे. वर्षातून दोनदा ट्रॅकवर जाणाऱ्याला नाही.

पैसे कुठे लावावे

छत्तीस हजार हातात असतील तर मी आज या क्रमानं खर्च करीन.

सगळ्यात आधी ब्रेकचं तेल आणि पॅड. ब्रेकचं तेल हवेतलं पाणी ओढून घेतं. डॉट 4 तेल नवं असताना किमान 230 अंशांपर्यंत उकळत नाही, पाणी मुरल्यावर हीच मर्यादा 155 पर्यंत येऊ शकते. ट्रॅकवर पेडल खाली जाऊन बसतं ते बहुतेक यामुळंच. मग टायर आणि हवेचा नीट गेज. मग चांगलं हेल्मेट. मग शिकवणाऱ्याबरोबर एक अख्खा दिवस, कारण सेकंद सगळ्यात जास्त तिथं मिळतात. त्यानंतरही पैसे उरले तर हलके रिम. आणि या सगळ्याच्या आधी एक चांगला टॉर्क पाना, स्वतःचा.

बोल्ट बसवताना

हबचं तोंड आणि रिमची मागची बाजू तारेच्या ब्रशनं घासा. तिथला गंज, रंगाचा पापुद्रा किंवा चिखल दाबाखाली चेपतो आणि बोल्ट आपोआप सैल होतो.

बोल्टचं बूड रिमच्या खळग्याशी जुळतंय का पाहा. पोलोच्या मूळ बोल्टचं बूड गोलाकार असतं, बाहेरून घेतलेल्या बऱ्याच रिमला साठ अंशांचं कोनाचं बूड लागतं. फिटरकडचा निळा रंग बुडाला लावून बोल्ट हातानं आवळा आणि काढा. रिमवर पूर्ण गोल उमटला तर जुळतंय. नुसती बारीक रेघ उमटली तर नाही.

बोल्ट हबमध्ये निदान आपल्या व्यासाइतका शिरला पाहिजे. 14 मिलिमीटरच्या बोल्टला आटा दीड मिलिमीटरचा असेल, तर हातानं फिरवताना निदान साडेनऊ फेरे मोजा. चाकामागं स्पेसर घातला असेल तर हे मोजल्याशिवाय गाडी हलवू नका.

हातानं फिरवताना बोल्ट करकरला तर थांबा. काढा, आटे पुसा, पाहा. पान्याच्या जोरावर तो आवाज दाबू नका.

एअर गन फक्त काढायला. घट्ट करायचे ते हातानं, समोरासमोरचे आळीपाळीनं, चाक जमिनीला टेकवून शेवटचा टॉर्क द्यायचा, तोही तुमच्या गाडीच्या पुस्तकातला.

पन्नास-शंभर किलोमीटरनंतर पुन्हा पाना लावा. ट्रॅकवर दर फेरीसत्रानंतर लावा. गाडी तापलेली असताना फक्त सैल आहे का एवढंच पाहा, पुरा टॉर्क थंड झाल्यावर द्या.

आणि प्रत्येक बोल्टच्या डोक्यावरून रिमवर उतरणारी पिवळ्या रंगाची एक रेघ ओढा. बोल्ट सुटायला लागला की रेघ तुटलेली दिसते. वाकून एक नजर टाकली की पुरे.

गेल्या वर्षी मी पुन्हा करीला गेलो. गाडीसोबत आलेले 10.9 चे पोलादी बोल्ट, नवे पॅड, नवं तेल, आणि सकाळच्या सत्रात शेजारी शिकवणारा. वेळ आधीपेक्षा दोन सेकंदांनी कमी आली. अण्णा भेटले, त्यांचे पाच बोल्ट पुसून कागदात गुंडाळून नेले होते, ते परत दिले. त्यांनी ते पेटीत टाकले आणि काही न बोलता माझ्या पुढच्या डाव्या चाकापाशी वाकले. पाचही पिवळ्या रेघा सरळ होत्या.